धुऊन धुऊन मळलेली पावडर

पांढरीशुभ्र पावडर बघून खूश होणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. पांढरं म्हणजे शुद्ध नव्हे हो! मानपाड्याजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात लिक्विड क्रिस्टलची पावडर बनते, आणि तिची शुद्धता तापवल्याशिवाय कळत नाही. आधी ती वितळते ती ताकासारखी गढूळ. वाहते द्रवासारखी, पण आतले रेणू एका दिशेला तोंड करून रांगेत उभे असतात. हीच लिक्विड क्रिस्टल अवस्था. आणखी तापवली की ठरावीक तापमानाला रांग मोडते आणि ती पाण्यासारखी स्वच्छ होते. पण रांगेत चार आगाऊ घुसले की रांग आधीच विस्कटते ना, तसंच इथेही. जराशी भेसळ असली तरी हे स्वच्छ होणं लवकर सुरू होतं आणि रेंगाळत राहतं.

त्या वर्षी आमचं असंच रेंगाळत होतं. तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या बनवणारं एक गिऱ्हाईक होतं. त्यांना अर्ध्या अंशाच्या आत एकदम स्वच्छ होणारा माल हवा होता. दोन नमुने परत आलेले. तिसराही परत आला तर लॅब बंद करायची आणि त्या खोलीत रिकामे ड्रम ठेवायचे, असं मालकांनी सांगून टाकलं. तसे ते वाईट नाहीत, पण मला असा संताप आला! ती खोली मी एकेका उपकरणासाठी भांडून उभी केलेली.

मग मी हात धुऊन त्या पावडरीच्या मागे लागले. आमच्याकडे डाग गेला नाही की आई म्हणायची, अजून एकदा घास. मीही तेच केलं. स्फटिक गाळून घ्यायचे, वर गार अल्कोहोल ओतायचं, पुन्हा ओतायचं. आणि मेलं ते स्वच्छ व्हायचं तापमान दर वेळी आणखी खाली.

माझी सहकारी दिवा गावाहून येते. तिथे नळाला पाणी त्याच्या मर्जीने येतं, त्यामुळे माझी ही ओताओत तिला बघवेना. शेवटी ती बोललीच, "ताई, एवढं धुऊन काय सोनं होणार आहे का त्याचं?"

माझं डोकं फिरलं. तिला गप्प करायचं म्हणून मी भांड्याच्या कडेला चिकटून राहिलेले, एकदाही न धुतलेले स्फटिक उचलले आणि मायक्रोस्कोपखालच्या छोट्या हॉट प्लेटवर ठेवले. म्हटलं, आता बघ किती घाण आहे ती. आणि बघत मीच बसले. काय झालं, तिने मागून विचारलं.

"न धुतलेली चांगली आहे," मी म्हटलं.

आता संशय उरला तो अल्कोहोलवर. ड्रममधला एक थेंब काचेवर वाळवला, काहीच उरलं नाही. ड्रममधून अल्कोहोल काढायच्या प्लॅस्टिकच्या पाइपातून आलेला थेंब वाळवला, तर तेलकट कडं. हा पाइप मालकांनी स्वतः शीळफाट्याच्या हार्डवेअरवाल्याकडून आणलेला, ड्रम उचलून आमच्या कंबरा मोडू नयेत म्हणून. आणला तेव्हा मऊसूत होता. आता हातात घेतला तर काठीसारखा ताठ. त्याला मऊ ठेवणारं तेल अल्कोहोलने ओढून घेतलेलं, आणि आम्ही तेच भक्तिभावाने पावडरीवर ओतत होतो!

पाइप गेला भंगारात. घरून स्टीलचा तांब्या आणला, पावडरीचे पुन्हा स्फटिक केले, आणि फक्त एकदा धुतले.

आमच्या मायक्रोस्कोपात उजेड अडवणाऱ्या दोन खास काचा असतात, रेणू रांगेत असले तरच त्यांतून उजेड येतो; म्हणून गढूळ अवस्था रंगीबेरंगी दिसते आणि स्वच्छ झाली की काळोख. आधी हा काळोख बुरशीसारखा ठिपक्याठिपक्यांनी पसरायचा. या वेळी कोणी मेन स्विच खाली ओढावा तसा सगळा रंग एका दमात विझला. थंड करत गेले तर रंग परतले, आणि आणखी खाली पंख्यांसारखी एक नक्षी उमटली. ही दुसरी लिक्विड क्रिस्टल अवस्था. पुस्तकात होती, आमच्या मालात कधी दिसलीच नव्हती. भेसळीने तिला उभंच राहू दिलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून चक्क नाचलो, मोठ्या बायका असून.

मालकांनीही बघितलं. पुन्हा तापवायला लावलं, पुन्हा बघितलं. पण गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळू दे, म्हणाले. नमुना गेला.

गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा रिकाम्या ड्रमचा टेम्पो दारात येऊन उभा होता. मालकांनी सांगून ठेवलेलाच होता तो. ते थोडा वेळ नुसते हो-हो करत राहिले, मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, नमुना पास आहे, परदेशातून येतो त्याच्यापेक्षा सरस आहे, आणि एवढा शुद्ध केलात कसा?

"कमी धुतला," मी म्हटलं.

तेवढ्यात ड्रायव्हर ड्रम कुठे उतरवू म्हणून विचारायला आत आला. मालकांनी माझ्याकडे बघितलं, लॅबच्या दाराकडे बघितलं.

"माझ्या केबिनमध्ये उतरव," ते म्हणाले.