सासऱ्यांचा खारा संसार

आयुष्यात एकदाही समुद्र न पाहता समुद्राशी इतका एकनिष्ठ राहिलेला माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात दुसरा नसेल, आणि जो एक आहे तो माझा सासरा आहे. जन्म उज्जैनचा, सगळी नोकरी भोपाळच्या वीजयंत्रांच्या मोठ्या कारखान्यात, आधी बरखेड्याचं क्वार्टर आणि निवृत्तीनंतर अयोध्या नगरात बांधलेलं घर. मी कोकणातला. लग्न झाल्यापासून दरवर्षी त्यांना म्हणतो की आमच्या गावी चला, ओट्यावर बसल्या बसल्या समुद्र दिसतो. आणि ते दरवर्षी विचारतात, "माझ्यामागे यांचं कोण बघणार?" हे 'यांचं' म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या लांबलचक काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राहणारी मंडळी. तोंड वासून बसलेला एक गोबरा मासा, विषारी काट्यांचा पिसारा फुलवून फिरणारा एक लायनफिश, आणि या दोघांवर राज्य करणारी एक वाम.

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. सासरे तिला ईल म्हणतात आणि सगळी गल्ली साँप म्हणते. त्यांच्या घराचा पत्ता विचारला तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान न उचलता सांगतो, "साँपवाले अंकल? नीम के पेड़ के बगल में." ही वाम सासऱ्यांनी हौसेने आणलेली नव्हती. निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून त्यांनी चार नारिंगी, गोजिरवाणे मासे पाळले होते. एकदा दुकानात गेले तर कुणीतरी परत आणून दिलेली ही वाम बादलीत वेटोळं घालून पडली होती. ती कुणालाच नको होती, म्हणून सासरे तिला घेऊन आले. आठवड्याभरात टाकीत एकही नारिंगी मासा उरला नाही. सासऱ्यांनी रागावण्याऐवजी तिच्या तोडीचे शेजारी आणले, एवढंच.

मुळात माणूस पक्का शाकाहारी. घरात अंड्याचंही नाव निघत नाही. त्यामुळे या मंडळींच्या कोळंबीसाठी मागच्या गॅलरीत वेगळा छोटा फ्रिज आहे आणि त्याची किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला असते. कोळंबी भरवायला हातभर लांब चिमटा, आणि भरवून झालं की आंघोळ, मग थंडी असो की ताप. वामीला रोज खायला लागत नाही हे कळल्यावर त्यांनी एकादशी तिच्या अंगवळणी पाडली. समुद्राचं पाणी ते घरीच बनवतात. गाळलेल्या पाण्यात खास मीठ घालून मोठमोठी पिंपं ढवळतात आणि खारटपणा असा मोजतात की जणू पिंपातून वीजच तयार व्हायची आहे. समोरच्या शर्माजींचा बरेच दिवस समज होता की यांनी लोणच्याचा धंदा काढलाय. मे महिन्यात वीज गेली की इन्व्हर्टर फक्त टाकीच्या पंपाला. बाकीच्या घराने वर्तमानपत्राने वारा घ्यायचा.

पहिल्यांदा जावई म्हणून गेलो तेव्हा मी गोबऱ्याकडे बघून सहज बोललो की याचं कालवण फार छान होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी टाकीजवळ गेलो की सासरे वर्तमानपत्र खाली करून म्हणत, "जावईबापू, जरा मागे." वाम सारखी तोंड उघडमीट करते त्याला लोक घाबरतात, पण ती फक्त श्वास घेत असते, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी समजावत. सासूबाई तेवढ्यात आत निघून जात. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि आता बैठकीत सवत आणून ठेवलीय, असं त्या माझ्या बायकोला म्हणायच्या. त्यांनी त्या टाकीकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

मागच्या वर्षी पिंप उचलताना सासऱ्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासून बायपासच करावी लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घराचे कागद कुठे आहेत ते सांगतील. त्यांनी जानव्यातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि वामीला किती, गोबऱ्याला किती, झाकणावरच्या विटा का हलवायच्या नाहीत, सगळं समजावलं. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांना एवढंच म्हणाले, "तू काळजी करू नकोस." बाहेर आल्यावर त्या बायकोला म्हणाल्या, "मला काहीच नाही सांगितलं गं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी भरवायला गेलो तर वाम नव्हती. विटा जागच्या जागी, झाकण घट्ट, पण टाकीत दोघेच. बायको खुर्चीवर चढून मला सूचना देत होती आणि मी सोफ्याखाली, चपलांच्या कपाटात, गॅसच्या सिलिंडरमागे बॅटरी मारत होतो. टाकीबाहेर हा मासा किती वेळ तगणार, आणि शुद्धीवर आल्यावर ते पहिलं काय विचारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी ऑपरेशन नीट पार पडलं, आणि देवापुढे दिवा लावायला सासूबाई घरी आल्या. मी चाचरत वामीचं सांगितलं. त्या बैठकीत जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"पाण्याचा आवाज वेगळा येतोय," त्या म्हणाल्या. "रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकते मी. असा नसतो."

त्यांनी खाली बसून टाकीखालचं कपाट उघडलं. टाकीतलं पाणी नळीतून उतरून तिथल्या एका पेटीत गाळलं जातं. त्या नळीतून घसरून बाईसाहेब पेटीत येऊन बसल्या होत्या आणि वर बघत तोंड उघडमीट करत होत्या. सासूबाईंनी पदर खोचला, आतून पिठाचा मोठा डबा रिकामा करून आणला आणि तो पाण्यात आडवा धरला. काठीने हळूच ढकलल्यावर वाम आत सरकली. पुन्हा टाकीत सोडल्यावर त्यांनी माझ्या हातून चिमटा घेतला, तोंड देवघराकडे फिरवलं आणि कोळंबी पाण्यात धरली. चिमट्याला हिसका बसला तेव्हा त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एकालाच आत सोडलं, त्या गेल्या. सासऱ्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. सासूबाई म्हणाल्या, "जेवली. मी भरवलं." नर्सने नंतर सांगितलं की अंकल त्यानंतर पहिल्यांदा शांत झोपले.

आता ते बरे आहेत. पिंपं उचलायला बंदी आहे आणि हात जरा कापतो, म्हणून चिमटा सासूबाईंकडे आहे. सासरे शेजारी खुर्चीत बसून सूचना करतात आणि त्या सूचना कुणी ऐकत नाही. परवा आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी मी आणि सासरे दोघंच टाकीपुढे होतो. मी काचेला नाक लावलं तरी ते मला मागे हो म्हणाले नाहीत. वामीकडे पाहत हळूच म्हणाले, "ही खूप जगते, जावईबापू. माझ्यानंतर तुम्ही न्याल का हिला?"

मी हो म्हणणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "ती कुठेही जात नाही. मी आहे ना इथे."

बाहेर अंधारून आलं होतं, टाकीतल्या निळ्या दिव्याचा उजेड सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि आत पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. तो ऐकत ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.