हेमलताबाईंच्या नालीतला गणपती

यमुनेपलीकडे, पटपडगंजला, केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या मराठी लोकांनी एकत्र येऊन सोसायटी बांधली आणि तिला हौसेने ‘पंचगंगा’ असं नाव दिलं. एवढ्या नद्या नावात घेतल्यावर पाणी यायचं तेव्हा येणारच. ते दर पावसाळ्यात आलं, आणि आलं की सगळ्यात आधी तळमजल्यावरच्या हेमलताबाईंच्या घरात आलं.

हेमलताबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यातली चूक काढणाऱ्या. दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांना ‘पागोळी’ आणि ‘उंबरा’ हे शब्द शिकवता शिकवता त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या स्वतःच्या घरात आता उंबरा असा दिसतच नसे, कारण त्यावर जूनपासून वाळूची पोती असत.

त्यांचे यजमान बळवंतराव मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. पाणी घरात शिरलं की माणूस बादली शोधतो, बळवंतराव लेटरहेड शोधत. त्यांनी या खात्याला लिहिलं, त्या खात्याला लिहिलं, दोघांना एकमेकांच्या प्रती पाठवल्या. त्यांचं ठाम मत असं की बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला चढत गेला आणि सोसायटी खड्ड्यात गेली. पत्रांना उत्तरं येत, त्यात ‘उचित कार्यवाही’ असे, आणि पाणी मात्र पत्रव्यवहार न करता सरळ आत येई.

त्यामुळे घराची एक वेगळीच मांडामांड झाली होती. पलंग विटांवर, कपाटं विटांवर, फ्रिज तर विठोबासारखा कायमचा विटेवर उभा. वरच्या कप्प्यातलं दूध काढायला हेमलताबाईंना टाचा उंच कराव्या लागत. त्याबद्दल त्या कधी कुणाला काही म्हणाल्या नाहीत, फक्त फ्रिजला म्हणत.

यंदा जूनच्या शेवटी जो पाऊस झाला त्याने हद्दच केली. घराचं पानिपत झालं असं आपण म्हणतो, पण इथे खऱ्या पानिपतहून हौसेने आणलेली सतरंजीच पहिली बुडाली. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा बळवंतराव पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पलंगावर बसले होते. लेटरहेडही भिजलं होतं.

“हेमा, बस्स झालं,” ते म्हणाले. “आशय पुण्याला फ्लॅट बघून देतो म्हणतोय. या पावसात पुन्हा एकदा पाणी आत आलं ना, की आपण हे विकायचं. मी आता थकलोय.”

आशय म्हणजे त्यांचा मुलगा. तो गेली कित्येक वर्षं हेच म्हणत होता, पण बळवंतरावांनी त्याला पहिल्यांदाच दुजोरा दिला होता.

हेमलताबाईंनी फडकं शोधायला घेतलं. पुणं काही वाईट नव्हे. पण पुण्यात त्या कोण? आशयची दिल्लीहून आलेली आई. इथे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना मॅडम म्हणत, बाजारात निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाल्लेली भेटत, आणि मुख्य म्हणजे सोसायटीचा गणपती त्यांच्या हातचा असे. पुण्यात गणपती करणाऱ्यांची काय वानवा? तिथे त्यांना कोणी ढेकूळभर मातीसुद्धा दिली नसती. त्यांना जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. पण भिजलेल्या, थकलेल्या नवऱ्याला हे सांगायचं कसं, म्हणून त्या फरशी पुसायला बसल्या.

पुसता पुसता पायरीवर टेकल्या. बोटांना लागलेला चिखल विचारांच्या नादात वळत राहिल्या. बळवंतराव चहाचं विचारायला बाहेर आले तर बायकोच्या तळहातावर छोटीशी सोंड. छान वळलेली, उजवीकडून डावीकडे, टोकाशी किंचित उचललेली.

हेमलताबाई त्या सोंडेकडे बघतच राहिल्या. पटपडगंजच्या मातीची सोंड होत नाही. इथली माती रेताड, तिची फार तर भाकरी होते आणि तीही मोडते. हा चिखल मऊ, राखाडी, खडा नाही की कण नाही. त्यांनी तो बोटांत चोळला, वास घेतला.

“अहो, हा शाडू आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठला शाडू?”

“माझा.”

आता हे नीट सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी नदीत विसर्जन करायला मनाई झाली, तेव्हा पंचगंगावाल्यांनी मागच्या मोकळ्या जागेत विसर्जनासाठी पक्का हौद बांधला आणि त्याला लागून मूर्तीसाठी टाइल्स लावलेला चौथरा. हेमलताबाई दरवर्षी शाडूची मूर्ती करू लागल्या. पेणचा शाडू कुणाचा ना कुणाचा भाचा सरकारी कामाला येताना घेऊन येई, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात उतरे, आणि हेमलताबाई रिक्षा करून तिथून पोतं घेऊन येत. मूर्ती हौदात विरघळे. पर्यावरणपूरक म्हणून एका संस्थेने ढालसुद्धा दिली. मग दुसऱ्या दिवशी सगळे जमून हौदाचं बूच काढत आणि ते दुधाळ पाणी ‘मोरया’ म्हणत सोडून देत. कुठे? पावसाच्या नालीत. ती नाली नेमकी चौथऱ्याखालून जाते आणि तिथेच वळते. पावसाळ्याआधी नालीसफाई व्हायची, पण ती फाटकापाशी. चौथऱ्याखालचा भाग उघडायचा तर चौथरा फोडावा लागणार, आणि बाप्पाच्या आसनाला पहार लावणार कोण?

थोडक्यात, पंचगंगेने दरवर्षी मोठ्या भक्तिभावाने आपल्याच गळ्यात एकेक गणपती कोंबला होता. इतके शिकलेले लोक, निम्मे राजपत्रित अधिकारी, पण पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना मागच्या वर्षीचा गेला कुठे हे कुणी विचारलं नाही. खुद्द हेमलताबाईंनीही नाही.

अध्यक्ष होते दिनकरराव. हिशेबतपासणी खात्यातून निवृत्त, राहायला दुसऱ्या मजल्यावर. पूर त्यांच्यासाठी बाल्कनीतून काढायचा व्हिडिओ होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर आक्षेप घेतल्यामुळे स्वतःच्या कामावर घेतलेला आक्षेप त्यांना ओळखूच येत नसे. हौद आणि चौथरा ही त्यांच्या कारकिर्दीची कमाई, ढाल त्यांच्याच दिवाणखान्यात. हेमलताबाईंनी सभा बोलवायला लावली तेव्हा ते हातात थर्मास घेऊन, पूर्ण तयारीत आले.

“म्हणजे वहिनी, तुमचं म्हणणं असं, की बाप्पाने नाली तुंबवली?”

“बाप्पाने नाही. बाप्पाला आपण तिथे ढकललं.”

“बघा, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे,” दिनकरराव म्हणाले. “चौथरा फोडला तर उद्या कोण काय बोलेल. शिवाय प्रूफ काय? चिखल तो चिखल.”

“भावना दुसऱ्या मजल्यावर आहेत, दिनकरराव. पाणी तळमजल्यावर आहे.”

सांस्कृतिक विभाग बघणारी सुखदा मध्ये पडली. “चलो, यंदाचा उत्सव होऊ दे ना आंटी. दिवाळीनंतर बघू, बिल्कुल बघू.”

दिवाळीनंतर दिल्लीत पाऊस पडत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हेमलताबाईंनी पर्स बंद केली.

“ठीक आहे. मग यंदा मूर्ती बाजारातून आणा. नाली उघडल्याशिवाय मी मातीला हात लावणार नाही.”

बाजारातली मूर्ती म्हणजे प्लास्टर. प्लास्टर म्हणजे ढाल गेली. दिनकररावांनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि मग त्यांना एक नामी वाट सापडली. ते बळवंतरावांकडे वळले.

“बळवंतराव, तुम्हीच सांगा. तुम्ही तर पुण्याला निघालात म्हणे. मग तुमच्यासाठी हा खर्चिक उपद्व्याप कशाला? आणि रस्ता उंच झाला म्हणून पाणी येतं, हे तुम्हीच आजवर लिहीत आलात ना?”

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. या माणसाने नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता, पत्रंही खरी ठरली असती आणि पुण्याचं तिकीटही निघालं असतं. बळवंतराव उठले. उठताना गुडघा धरला, कारण विटांवरून उड्या मारून तो दुखत होता.

“लिहिलं खरं,” ते म्हणाले. “पण मी पत्रं लिहिली, नाली काही बघितली नाही. हिने वळलेली सोंड मी पाहिली आहे. हिचा हात चुकत नाही.” एवढं बोलून ते बसले. सरकारी नोकरीत इतकं छोटं टिपण त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

चौथरा फोडायचं ठरलं. दिनकररावांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला, मग मुहूर्त मात्र स्वतःच काढला. मिस्त्रीने पहार लावण्याआधी नारळ फोडला गेला, आणि त्या खोबऱ्याच्या वाटपावरूनही थोडी वादावादी झाली. टाइल्स निघाल्या, फरशी निघाली, आणि खाली नाली कुठे दिसेचना. काठोकाठ राखाडी, गुळगुळीत लादी. मिस्त्रीने फावडं घातलं, बाहेर काढलं आणि बोटाने चाचपून बघितलं.

“मॅडम, ये तो मलाई है,” तो म्हणाला.

मलाई निघत राहिली. पोत्यांमागून पोती भरली. वाकलेले दुर्वांचे देठ, दोरे, एक सुपारी. मग एका ढेकळातून लाल खडा निघाला. दिनकररावांनी तो पुढे होऊन उचलला. ज्या वर्षी ढाल मिळाली त्या वर्षीच्या मुकुटातला खडा होता तो, त्यांच्या पत्नीने, वृंदाताईंनी, स्वतःच्या मोडक्या कुड्यातून काढून दिलेला. वृंदाताई त्यानंतर फार दिवस राहिल्या नव्हत्या. दिनकररावांनी खडा नळाखाली धुतला, रुमालात बांधला, आणि त्या दिवशी कुणालाच काही ऐकवलं नाही. हेमलताबाईंना त्यांची फार दया आली. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “दिनकरराव, यंदाच्या मुकुटात बसवू तो.”

“मूर्ती करणार ना, वहिनी?”

“करणार. माती तर आयतीच निघाली आहे.”

यावर मात्र सुखदा उसळली. “आंटी, यार, गटारातली माती? बाप्पाला?”

“गटार नाही, पावसाची नाली. गटार पलीकडून जातं.”

“तरी पण. लोक काय म्हणतील?”

हेमलताबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. वर्गात हे करताना त्या दिसल्या की मुलं आपोआप सरळ बसत.

“सुखदा, पार्वतीने गणपती कशाचा केला होता?”

सुखदा दिल्लीत वाढलेली, पण एवढं तिलाही माहीत होतं. “अंगाच्या मळाचा,” ती म्हणाली.

“तिने काही तो मळ पेणहून मागवला नव्हता.”

विषय तिथेच संपला. हेमलताबाईंनी माती भिजवली, फडक्यातून गाळली, गच्चीवर उन्हात सुकवली आणि पुन्हा मळली. आणलेल्या मातीपेक्षा ही लोण्यासारखी निघाली. एवढे गणपती अंगावर घेतलेली माती, तिला काही शिकवावं लागत नव्हतं.

या सगळ्यात पाऊस मात्र गप्प होता. नालीची परीक्षाच होईना. आशय दर रविवारी फोन करी, फ्लॅटचे फोटो पाठवी. बळवंतराव ते फोटो चष्मा वर करून बघत आणि हेमलताबाईंना दाखवत. तिथे लिफ्ट होती, बाग होती, सातवा मजला होता. त्या ‘छान आहे’ म्हणत आणि सोंडेला पाणी लावायला जात. बळवंतरावांची अट कायम होती. पुन्हा पाणी आत आलं तर जायचं, मग नाली उघडलेली असो की नसो.

पाऊस आला तो बाप्पा बसल्यानंतर, आरतीच्या मधोमध. ‘संकटी पावावे’ला ढग असे फुटले की घंटा ऐकू येईना. मांडवातली माणसं पळाली. हेमलताबाई पळाल्या नाहीत. मूर्तीवर प्लास्टिक टाकून, निरांजन हातात तसंच धरून त्या नालीच्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. अंगणात घोट्याएवढं पाणी झालं. मग त्यांच्या दाराकडे निघालं. पहिली पायरी बुडाली. त्यांनी बाप्पाकडे बघितलं नाही, जाळीकडे बघितलं. “जा ना,” त्या म्हणाल्या, “जा की मेल्या.”

जाळीखाली एक मोठी गुडगूड झाली, कुणी पोटभर जेवून ढेकर द्यावी तशी, आणि पाणी फिरलं. पहिली पायरी पुन्हा वर आली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दिनकरराव मोबाइल धरून उभे होते. त्यांनी यंदा जाळीचा व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘कार्य संपन्न’. जणू त्यांनीच पहार मारली होती.

हेमलताबाई चिंब होऊन घरात आल्या. पोती कोरडी, उंबरा कोरडा, सतरंजी कोरडी. बळवंतराव स्वयंपाकघरात फ्रिजपाशी वाकून काहीतरी खटपट करत होते.

“अगं, इकडे ये. हा जरा तिरका धर.”

“कशाला?”

“विटा काढतो,” ते खाली बघतच म्हणाले. “दूध काढताना टाचा वर कराव्या लागतात तुला. किती वर्षं बघतोय मी.”

हेमलताबाईंनी निरांजन ओट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी फ्रिज धरला.