हात नका लावू जावई

१९९९ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, जावई बारामतीहून आमच्या डाळजला यायचा तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आपली आपण वाजते. ह्याच्या कॅमेऱ्याचा आवाज हा स्वतःच काढायचा: "हात नका लावू!" पोर जवळ आलं, हात नका लावू. शेळी जवळ आली, हात नका लावू. गावानं त्याचं नावच ते ठेवलं.

बारामतीत तो कॉम्प्युटर शिकवायचा. मी तिसरी पास. पुढं शाळेत मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी हा शिकवायचाच. "तात्या, कॉम्प्युटरमधला फोटो कार्डावर घालून कॅमेऱ्यात बघता येतो. फक्त त्याला कॅमेऱ्याच्या पद्धतीचं नाव द्यावं लागतं, न्हायतर कॅमेरा ओळखच दाखवत न्हाय." म्हणजे कॅमेऱ्यालाही भावकी होती तर!

दादा जाऊन वर्ष होत आलं. उभ्या जन्मात त्याचा एकच फोटो: लेकीच्या लग्नातला, मागच्या रांगेत, फेट्याखाली उडदाएवढं तोंड. वर्षश्राद्धाला मोठा करून चौकटीत आणतो म्हणून जावई तो घेऊन गेला. वहिनींनी भिंतीला खिळा मारून ठेवला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जावई आला; गळ्यात कॅमेरा, हात रिकामे. "प्रिंटरची शाई संपली. पण मामा ह्यात हायेत." आणि पाटावरच्या तांदळाच्या राशीवर त्यानं कॅमेरा मांडला. मागच्या बिस्किटाएवढ्या काचेवर सगळं वऱ्हाड उजळलं. झेंडूचा हार कॅमेऱ्याला मोठा झाला, म्हणून पाटालाच घातला. कुणी कुंकू लावायला गेलं की "हात नका लावू!" आणि पाया पडणारा वाकेपर्यंत काच काळी. सेल वाचवायला कॅमेरा आपोआप मिटायचा म्हणे. दादा एकदाच मेला होता. जावयानं त्याला माणसागणिक मारला.

"जावईबापू," मी म्हणालो, "कावळ्याला तरी शिवू देणार का, का त्यालाबी हात नका लावू?"

सगळे हसले. वहिनी त्या खिळ्याकडं बघत होत्या.

 कॅमेरा उचलून जावई वहिनींपुढं बसला आणि बटणं दाबत गेला. फेटा मोठा झाला, मिशा मोठ्या झाल्या, काचभर दादा झाला. वहिनींनी डोळे बारीक केले.

"हे समोर बघत न्हाईत."

"मग कुठं बघत्यात, मामी?"

त्यानं फोटो हळूहळू बाजूला सरकवला. बायकांच्या रांगेच्या टोकाला वहिनी उभ्या होत्या.

"माझ्याकडं बघत्यात," वहिनी म्हणाल्या.

चार माणसांत दादानं बायकोकडं मान वळवलेली मी कधी पाहिली नव्हती. नेमकी तेव्हाच काच काळी झाली. ह्या खेपेला सेल खरेच संपले होते.

वहिनी कॅमेरा दोन्ही हातांत धरून बसल्या. जावयानं हात पुढं केला, तोंड उघडलं. आता येतो तो शब्द, म्हणून मी टपूनच होतो.

"राहू द्या मामी, तुमच्याजवळ," तो म्हणाला, आणि संध्याकाळच्या एसटीनं मोकळ्या गळ्यानं बारामतीला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सायकल काढली, भिगवणला गेलो आणि सेल घेतले.

"एवढ्या सकाळी कशाला, तात्या?" दुकानदारानं विचारलं.

"हातबॅटरीला," मी म्हणालो.

आमच्या घरात हातबॅटरी नव्हती.