जमादारभाऊंनी लावलेला प्रयोग

आमच्या जमादारभाऊंइतका नाटकाचा पागल पोलीस पूर्व विदर्भाच्या अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडू नये असं मला चार दिवस मनापासून वाटत होतं. कारण ते चार दिवस मी चोर म्हणून त्यांच्यासमोर उभा होतो.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सोडली, फिरत फिरत इकडं आलो आणि एका नाटक कंपनीत पडदा ओढायला लागलो. कंपनीनं एक बंद पडलेली जुनी टॉकीज घेतली होती. वर पत्र्यावर कबुतरं, खाली मोडक्या खुर्च्या, समोर आमचं स्टेज. तिची किल्ली माझ्या कमरेला. जमादारभाऊ तिथं बंदोबस्ताला यायचे, म्हणजे गर्दीकडं पाठ करून पहिल्या रांगेत बसायचे. नाटकातल्या इन्स्पेक्टरनं सॅल्यूट चुकीचा ठोकला की खालून ओरडायचे, "कोपर वर घे ना बे!" नायिकेला सासरचे छळायला लागले की टोपी तोंडावर धरून हमसून रडायचे. एकदा तर खलनायकाला मध्यंतरात बाजूला घेऊन त्यांनी खरोखरची समज दिली म्हणतात.

अशा माणसाकडं आमच्या चांदीच्या नटराजाचा तपास आला. मालकांच्या आजोबांच्या वेळचा तो नटराज. त्याची पूजा झाल्याशिवाय आमचा पडदा उघडत नसे. शनिवारच्या प्रयोगानंतर तो पेटीत नव्हता. किल्ली माझ्याकडं, मुलूख परका, जामीन राहायला ओळखीचं कुणी नाही. मालक म्हणाले, "याच्याबिगर कोन नेईन?"

भाऊंनी जबाब घेतला तोही नाटकासारखा. "मी नाही घेतला" असं मी म्हटलं की ते लिहायचे, आणि पुढं कंसात : घाम पुसत.

"साहेब, ते कंसातलं खोडा ना," मी रडकुंडीला आलो.

"काऊन? घाम आला ना तुले?"

"आला."

"मंग?" आणि पुन्हा कंस : आवाज कापरा. असा जबाब वाचून कुठला जज मला सोडणार होता!

चौथ्या दिवशी भर दुपारी त्यांनी सगळ्या कंपनीला टॉकीजमध्ये बोलावलं. "शनवारचं नाटक पहिल्यापासून करा. काईच गाळू नका."

मालक वैतागले. "भाऊ, तपास हाय का तमाशा?"

"तुमी प्रॉम्प्टरले बसवा," भाऊ म्हणाले नि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी पडदा ओढला. पहिला अंक संपेपर्यंत भाऊ दोनदा रडले. तपास ते साफ विसरले, आता आपण गेलो, असं मी धरून चाललो. दुसऱ्या अंकात देवळाचा प्रवेश आला. लाकडी देऊळ डेकोरेशनवाला त्याच शनिवारी प्रयोग संपल्यावर अहेरीला घेऊन गेला होता, म्हणून तिथं खुर्ची ठेवली. नायिकेचं काम करणाऱ्या बाई खुर्चीपुढं बसल्या, हात जोडले, आणि गप्प. प्रॉम्प्टर आतून वाक्य देतोय, बाई बोलेचनात.

भाऊ उठले. "बाई, शनवारी तुमी इथी ढसाढसा रडल्या. आज पाणी काऊन नाई?"

"समोर देवच नाई ना भाऊ, कसं येईन?" बाई म्हणाल्या आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "अवं माय! त्या दिवशी देवळातला मातीचा देव फुटला होता. रिकाम्या देवळापुढं रडू येईना, म्हणून मीच नटराज नेऊन ठेवला. काढाचा राह्यला!"

भाऊ मला मागं बसवून मोटारसायकलनं अहेरीला गेले. रस्ताभर मी एकच घोकत होतो, असू दे, असू दे. देऊळ तिथल्या एका मंडपात उभं होतं आणि आत नटराज, हळदीकुंकवानं माखलेला. अहेरीच्या बायाबापड्या चार दिवस त्याची मनोभावे पूजा करत होत्या.

मी आभारही मानले नाहीत. भाऊंचं मन बदलायच्या आत निघावं म्हणून नुसता पळालो. यंदा कळलं, ते निवृत्त होऊन घुग्घुसला कोळशाच्या खाणीजवळ मुलाकडं राहतात. पेढे घेऊन गेलो. कोळशाच्या धुळीनं खोकत ते दारात आले. मला न्याहाळलं, ओळख पटेना. मी सगळं सांगितलं. पोलिसाची गाडी दिसली की अजून रस्ता बदलतो, तेही सांगितलं.

"चोरी तं झालीच नोती ना बाबू," ते म्हणाले. "मंग तू ध्यानात काऊन राहशीन?"

मी त्यांच्या उंबऱ्यावरच बसलो. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही; ज्या माणसाला मी रोज आठवतो, त्याच्या आठवणीत मी कुठंच नव्हतो.