खोडरबराचा वास

मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराचा वास आला की विरारचा फ्लॅट आठवतो. खाऱ्या हवेने काळवंडलेली कॉम्प्युटरच्या रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची, सोनेरी कड दादा खोडरबराने घासायचा, मग तिचा वेग वाढवून ती चुका न करता चालते का याची टेस्ट लावायचा. टेस्ट चार तासांची, आणि लाइट एरवी तीन तासही टिकायची नाही. त्या दुपारी मला स्क्रीनसमोर बसवून तो आडवा झाला. त्या दिवशी लाइट टिकली, पण चार तास भरता भरता चूक दाखवणारी लाल ओळ उमटली आणि तेवढ्यात लाइट गेली. घामाने भिजून उठलेल्या दादाने विचारलं, "काय झालं गं?" आठवडाभराचं त्याचं घासणं बघितलेलं, मी म्हटलं, "पास झाली." तो त्याच वेगावर कॉम्प्युटर वापरत राहिला, आणि महिन्याभरात रॅमच्या चुकांनी फायली बिघडून त्याचा प्रबंध, आईचे फोटो, काहीच उघडेना. दादा अजून विचारतो, "रॅम तर पास झालेली, तू बघितलंस ना?" मी अजून हो म्हणते.