दाढेला न चिकटणारी गोळी

दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेणाऱ्या बाईने घरी गोड गोळ्या करून वाटाव्यात, याला काय म्हणावं? समोरच्या दुकानातला चष्मेवाला म्हणायचा, "आग विझवणाऱ्याने काडेपेट्यांचं दुकान टाकावं, त्यातली गत!" ताई मनावर घेत नसत. बावीस वर्षं त्या टेबलामागे बसत होत्या आणि ओळखीत कुणाचं काही बरं झालं, की त्यांची टोपली पोचायचीच. टोपलीही घरचीच. दवाखान्यातल्या जुन्या मासिकांच्या पानांच्या सुरळ्या करून विणलेली. त्यामुळे कडेला कधी एखाद्या नटीचा अर्धा डोळा, तर कधी कुणाच्या राशीतला 'प्रवासयोग' दिसायचा.

गोळी आलं-लिंबाची. पाक झाला की नाही, हे त्या कानाने ठरवत. थेंब गार पाण्यात टाकायचा, घट्ट झाला की वाटीच्या कडेवर आपटायचा. काचेसारखं 'टक्' वाजलं, की गॅस बंद. फुशारकी एकच, पण खणखणीत : "माझी गोळी दाताला चिकटत नाही."

ती डॉक्टरांना तेवढी पटवता आली नव्हती, कारण ते खातच नसत. "ठेवा खणात," म्हणायचे, "साखर म्हणजे आपल्या धंद्याचं खत, ताई." टोपली मागच्या दाराने वॉचमनकडे जाते, अशी ताईंची खात्री होती.

यंदा दवाखान्यात नवी खुर्ची आली. त्या आनंदात चार टोपल्या गेल्या : डॉक्टरांना, चष्मेवाल्याला, शेजारच्या शिंपीमामांना आणि लिफ्टवाल्या दादांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी नेहमीप्रमाणे मागे ठेवलेली एक गोळी तोंडात टाकली, चावली, आणि जबडा जागच्या जागी अडकला.

"अहो!" त्या दातांतूनच ओरडल्या. "चिकटली!"

मग आठवलं. ऐन पाकाच्या वेळी डॉक्टरांचा फोन आला होता, खुर्ची कुठल्या भिंतीला लावू म्हणून. ज्या कानाने पाक ऐकायचा, त्याच कानाला फोन!

"चिकटू दे की," यजमान पेपराआडून म्हणाले. "लोक चघळतील."

"लोक म्हणतील, बाई दवाखान्याला गिऱ्हाईक आणतेय!"

आणि ताई दिलेल्या भेटी परत मागायला निघाल्या.

चष्मेवाल्याने तोंड न उघडता टोपली पुढे केली. अर्धी संपली होती आणि त्यातली शेवटची गोळी बहुधा तोंडातच होती. शिंपीमामा म्हणाले, "दिलेलं परत मागणारी बाई पहिल्यांदा बघतोय. मी नाही देत जा!" ताईंनी सरळ कात्रीच्या खणातून टोपली काढून घेतली. लिफ्टवाले दादा तर हात जोडून म्हणाले, "टोपली न्या ताई, गोळ्या पोटात गेल्या. चिकटत होत्या, पण मीही चिकाटीचा आहे."

राहिले डॉक्टर. ताई दार ढकलून आत गेल्या.

"कालची टोपली परत द्या, डॉक्टर. पाक बिघडला होता."

"नाही देता येणार," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "संपली. आणि खरं सांगू? वरच्या उजव्या दाढेला चिकटली. मला नवलच वाटलं. आजवर एकही चिकटली नव्हती."

ताई वळता वळता थबकल्या. "आजवर?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्याने खालचा खण ओढला. आत रिकाम्या टोपल्या एकात एक बसवून ठेवलेल्या. सगळ्यात वरच्या टोपलीच्या कडेवर नटीचा अर्धा डोळा.

"मला वाटायचं, वॉचमनकडे जातात."

"मागत होता तो. दिल्या नाहीत मी."

ताई वळून आपल्या टेबलाशी गेल्या. आणि पुढच्या पेशंटचं नाव त्यांनी असं पुकारलं, की ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं.

संध्याकाळी फोन कपाटात गेला, वर कुलूप. वाटीवर थेंब वाजला, 'टक्!'

"ऐकलं हो!" यजमान बाहेरून म्हणाले.

या वेळी टोपल्या पाच होत्या. पाचवी वॉचमनची.