मामंजींनी बुजवलेलं दार

आमच्या मामंजींना दहाच्या दहा आज्ञा तोंडपाठ होत्या, आणि त्या कोण कोण मोडतं हे त्याहून पाठ होतं. गाव तेरच्या वाटेवरचं, निजामाच्या राज्यातलं. ख्रिस्ती घरं मोजून सात. मंडळीत मामंजींना 'वडील' हा मान होता, गाव मात्र मागून त्यांना 'दहा आज्ञा' म्हणायचं. मी नगरकडून सून होऊन आले, त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सूनबाई, आज्ञा येतात न्हवं?" मी म्हटलं, "येतात मामंजी." "मग सातवी सांग." नव्या नवरीला व्यभिचाराची आज्ञा म्हणायला लावणारा सासरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

धंद्यानं ते गवंडी. आसपासच्या गावांतली निम्मी घरं त्यांच्या हातची. तीन महिन्यांतून एकदा मिशनचे पाळक बैलगाडीतून यायचे आणि सांगायचे, सगळ्या आज्ञांचा पाया एकच, प्रीती. देवावर करा, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखीच करा. 'पाया' हा शब्द आला की मामंजींची मान डोलायची. पुढं आठवडाभर आम्ही ऐकायचं, "पाया कच्चा तर भित बसणारच. प्रीती पायजे, प्रीती!" हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की माझा नवरा अर्ध्या ताटावरून उठून जायचा.

मागच्या भिंतीला भिंत लागून पिंजारीचाचांचं घर, त्याचं पुढचं दार पलीकडच्या गल्लीत. ते, चाची आणि एक मुलगी. मधल्या भिंतीत लहानसं दार होतं. विस्तव, विरजण, गावच्या बातम्या, सगळं त्यातून ये-जा करायचं. चाचा कापूस पिंजायचे आणि त्यांच्या धुनकीची तात दिवसभर टंग टंग वाजायची. रविवारीसुद्धा. आमच्या घरची प्रार्थना सुरू झाली, मामंजींनी डोळे मिटले, की पलीकडून टंग! एका रविवारी ते प्रार्थना अर्धी टाकून तरातरा त्या दारातून गेले. "आज शब्बाथ हाय. काम बंद ठिवा."

चाचा हसले. "इतवार तुमचा, जुम्मा माझा. जुम्म्याला तुमची थापी बंद ठेवता का? मग म्या बी ठेवतो."

इतकं सरळ बोलणं ऐकायची मामंजींना सवय नव्हती. सोमवारी सकाळीच त्यांनी ते दार चौकटीसकट उखडलं आणि बुजवायला घेतलं. काय ते काम! निवडक दगड, घोटलेला चुना, वर ओळंबा लावून बघणं. पैसे देणाऱ्यांच्या घरालासुद्धा त्यांनी कधी एवढा चुना घातला नसेल. मी भीत भीत विचारलं, "मामंजी, शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं आता कसं करायचं?"

थापी न थांबवता ते म्हणाले, "ज्याचं दार आपल्याकडं उघडतं तो शेजारी. दारच न्हाय, तर शेजारी कसला?"

धन्य! पुढची चार वर्षं त्यांनी शेजारी नसलेल्या माणसासारखी सुखात काढली, आणि मी विस्तवासाठी सगळ्या गल्लीला वळसा घालत राहिले. चाची खापरात निखारे घालताना विचारायची, "बुड्ढे का गुस्सा उतरा क्या गे?" मी म्हणायची, "काम पक्कं आहे, चाची."

मग निजामाचं राज्य गेलं. रझाकारांनी ज्यांना छळलं होतं त्यांचा राग बाहेर पडला, आणि ज्यांनी कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. एका रविवारी आमची प्रार्थना चालली होती आणि मामंजी मधेच थांबले. "आज धुनकी का वाजंना?" तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत आरडाओरडा झाला. दहा-पंधरा माणसं चाचांच्या पुढच्या दारावर कुऱ्हाडी घालत होती. आतून मुलीची किंकाळी आली. त्या घरातून निसटायला दुसरी वाट एकच होती, आणि ती आमच्या मामंजींनी ओळंबा लावून बुजवली होती.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि शब्बाथच्या दिवशी भिंतीवर तुटून पडले. दगड हलेना. "कोन्या गाढवानं एवढा चुना घातला!" असं ओरडत होते आणि रडत होते. माझा नवरा धावला, मी हातांनी दगड ओढले. भगदाड पडलं तशी आधी मुलगी आत आली, मग चाची, मग चाचा. चाचांनी जीव मुठीत धरला होता, पण धुनकी काही सोडली नव्हती.

पलीकडचं दार मोडून माणसं घरात घुसली तेव्हा भगदाडात मामंजी उभे होते. "पिंजारी कुठाय?" नववी आज्ञा! हा माणूस मेला तरी खोटं बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"माझ्या मागं हाय," मामंजी म्हणाले. पहार आडवी धरली. "माझा शेजारी हाय. आधी मला तोडा. आप्पा, तुझं घर म्या बांधलंय. तुझ्या मायनं मला भाकर वाढलीय. घाल कुऱ्हाड."

सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या आप्पानं कुऱ्हाड खाली केली. बाकीचे थोडा वेळ शिव्या देत उभे राहिले आणि निघून गेले.

चाचांचं बिऱ्हाड तीन आठवडे आमच्याकडेच राहिलं. शुक्रवारी मामंजींनी थापीला हात लावला नाही. सांधे दुखतात म्हणाले. रविवारी चाचांनी धुनकी खुंटीला टांगली. तात ढिली झालीय म्हणाले. दोघेही खोटारडे! माफी मागणं वगैरे मामंजींना जमण्यातलं नव्हतं. चाचा हैदराबादला मेव्हण्याकडं निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लवकर या. भित उघडी हाय." लांबलचक धुनकी गाडीत मावेना. "सांभाळा, परत येतो," म्हणून चाचा ती आमच्याकडे ठेवून गेले.

ते परत आले नाहीत. एवढ्या नावाजलेल्या गवंड्याच्या घरात भगदाड तसंच राहिलं. त्यातून पाऊस यायचा, कुत्री यायची, एकदा साप आला. मी कितीदा भांडले त्या भगदाडावरून! आज त्या हट्टी म्हाताऱ्याची आठवण आली की डोळे भरून येतात.

पुढं एका रविवारी पाळक घरी प्रार्थनेला बसले होते. आम्ही सगळे डोळे मिटून. मामंजी उठले, खुंटीवरची धुनकी काढली आणि तात ओढून सोडली. टंग! पाळक दचकले. "वडील, आज शब्बाथ! हे काय चालवलंय?"

मामंजी भगदाडाकडं बघत होते.

"आज्ञा पाळतोय," ते म्हणाले.